वासे दिसले पाहिजेत

सुतार शिडीवरून उतरला, हात झटकले आणि म्हणाला, "या ताई, जरा आत उभ्या राहून बघा."

थोरली आत आली. भर दुपार होती. एरवी या वेळेला माळ्यावरच्या या खोलीची भट्टी व्हायची आणि ती डोक्यावर ओला पंचा घेऊन पडून राहायची. आज कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. तिने वर पाहिलं. वासे होते तसे उघडे, नुसते घासूनपुसून तेल लावलेले.

खालून सरळ छत ठोकलं असतं तर काम झटपट उरकलं असतं. तीच म्हणाली होती, जुन्या लाकडाचं काय लोणचं घालायचंय? पण धाकटा भाऊ हटून बसला. वासे वडिलांनी स्वतः तासलेले, ते दिसलेच पाहिजेत. मग सगळी कौलं उतरवली. वाशांवर फळ्या, फळ्यांवर फोमचे जाड तक्ते, त्यावर लाकडी पट्ट्यांच्या रिपा आणि पुन्हा कौलं. ऊन वरच्या वर अडणार, वासे खालून मोकळे राहणार.

एवढा खटाटोप कोणासाठी, हे तिने विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. विचारायचं काय? खोलीत झोपणारी तीच. आईमागे तिनेच वाढवलेल्या भावाला उशिरा का होईना जाग आली, असं तिने धरलं आणि मनातल्या मनात त्याला सगळं माफ करून टाकलं. काम चालू असेपर्यंत तिचं अंथरूण खाली स्वयंपाकघराजवळच्या बोळात गेलं, तरी तिची कुरकुर नव्हती. पदर खोचून रोज धूळ काढली. गड्यांना चहा देताना, खाल्ल्या घरचे वासे मोजू नका हं, अशी थट्टाही केली.

"माझा हूक कुठे गेला?" तिने विचारलं. मधल्या वाशाला तिची कपड्यांची दोरी बांधायचा हूक होता. तो राहू दे, असं तिने सुताराला बजावलं होतं.

सुतार अवघडला. "वहिनींनी काढायला लावला. साहेब मीटिंगला बसले की मागे दिसेल म्हणाल्या."

तेवढ्यात धाकटा फिरती खुर्ची घेऊन आला. मधोमध बसला, फोन तोंडासमोर धरला आणि आपल्या मागचे वासे त्यात कसे दिसतात ते पाहू लागला. खूश झाला. आता घरचं ऑफिस म्हणजे ऑफिससारखं वाटेल, म्हणाला.

माझी खाट कुठे लावायची, असं थोरलीने विचारलं. विचारतानाच तिला उत्तर कळलं होतं.

"अगं ताई, तू आता खालीच बरी," तो फोनमध्ये बघतच म्हणाला. "या वयात तुला जिना झेपतो का? तुझीच सोय बघितली आम्ही."

सुतार कोणाकडे न बघता हत्यारं पिशवीत भरू लागला. थोरली त्या गार खोलीतून दाराकडे वळली. तिला रडू येत होतं आणि त्या रडू येण्याचाच जास्त राग येत होता. पण आवाज साधाच निघाला.

"उकडत होतं तोवर झेपत होता रे मला जिना."