इंजिनाखालची माती

अकोल्याच्या कापूस दाबायच्या कारखान्यात भर सकाळी इंजिन बंद पडलं, तेव्हा जमादार जानरावांनी आधी सुभद्राकडे पाहिलं आणि मग इंजिनाकडे.

सुभद्रा कापसातला कचरा वेचणाऱ्या बायांच्या रांगेत बसली होती. तिचा बाप पुंजाराम याच इंजिनाला तेल घालायचा. एरंडेलाचा बुधला लवकर रिता होतो म्हणून त्याला चोर ठरवून काढून टाकलं, आणि पुढच्याच महिन्यात तो तापानं गेला. त्याच्या मयतीला कारखान्यातलं कोणी आलं नाही. तेरवी उरकून सुभद्रा कामावर परतली होती. तेल कमी होणं मात्र थांबलं नव्हतं.

“बाप गेला, अन् चोरी चालूच,” जानराव बायांना ऐकू जाईल असं म्हणाले. “म्हंजे जोडीदार आतच हाय.”

बाया हात न थांबवता जराशा सरकल्या. सुभद्राच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी झाली.

सहदेव मिस्त्री मोठ्या चाकाच्या आसाखाली आडवा झाला होता. तिथली तेलाची लोखंडी पेटी कोरडी पडली होती. आस तापला होता आणि त्यातून धूर निघाला होता. मिस्त्रीनं पेटीच्या बुडाचा बोल्ट चाचपला. पान्हा लावावा लागला नाही. तो नुसत्या बोटांनी फिरत होता.

“जमादार, हा धरूनच नाई राहिला. आटे पार झिजले.”

“गळत असतं तं खाली दिसलं असतं ना? एक थेंब दाव मले.”

खाली खरंच थेंब नव्हता. इंजिनाच्या चौथऱ्याचे दगड कोरडे होते. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग नाल्यापर्यंत गेली होती आणि गाडीवान ओरडत होते. अमेरिकेत लढाई पेटून तिथला कापूस विलायतेला जायचा थांबल्यापासून इंजिनाला विसावा म्हणून नव्हता. जानरावांना काहीतरी लवकर सापडायला हवं होतं, गळती नाहीतर चोर.

मिस्त्रीनं बोल्ट ओढून काढला. त्याच्या आट्यांवर कापूस गुंडाळलेला होता, घट्ट पीळ देऊन, थरावर थर. बोल्टाबरोबर कापसाचं लांब शेपूट बाहेर आलं. ते पेटीमागून दगडांच्या सांधीत उतरलेलं होतं.

“हे कोनाचं काम?” जानरावांनी विचारलं.

सुभद्रा उठून आली होती. कोणी तिला बोलावलं नव्हतं. कापसाचा पीळ उलटा होता. पुंजाराम डावरा होता.

“माह्या बाचं,” ती म्हणाली.

मिस्त्री बोल्ट हातात घेऊन उठून बसला. “गळती थांबवाले लावला असन त्यानं. पन त्याची वात झाली. तेल कापसावून उतरलं अन् सांधीत गेलं. थेंब कुठून दिसन?”

“मंग सांगतलं काहून नाई?”

“त्याच्या आधीच्या तेलवाल्यानं सांगतलं होतं,” मिस्त्री म्हणाला. “ इंजन थांबवलं म्हून तुमी त्याले काढलं.”

जानराव हसले. “बरा जमून आला किस्सा. बापाचा कापूस अन् पोरीची साक्ष. काल तूच कोंबला नसन कशावून?”

“खना,” सुभद्रा म्हणाली.

“काय?”

“सांधीखालची माती खना. तेल आमच्या घरी गेलं असन तं माती कोरडी निघन.”

कोणी कुदळ उचलली नाही. सुभद्रा खाली बसली. मिस्त्रीनं तिच्याबरोबर एक दगड हलवला, मग ती हातांनीच उकरू लागली. बाहेर रानातली काळी माती वाळून भेगाळली होती. इथली चकाकत होती. मुठीत दाबली तर बोटांच्या फटींतून तेल आलं. तिनं कोपरापर्यंत हात आत घातला, तिथंही माती तशीच. एरंडेलाचा उग्र वास वर आला. बाया कापूस सोडून भोवती जमल्या.

जानराव वाकून खड्ड्यात डोकावले.

“म्हंजे नुकसान त्याच्याच हातानं झालं,” ते म्हणाले. “काढलं ते बरोबरच केलं.”

“चूक म्हना, जमादार. दिवसभर म्हना. चोरी म्हनू नका.”

जानराव मिस्त्रीकडे वळले. “किती वेळ?”

“भोकातले आटेबी गेले. नवे पाडतो, जाड बोल्ट बसवतो. दुपार होईन.”

दुपारी इंजिन सुरू झालं. मिस्त्रीनं पेटीच्या बुडावरून बोट फिरवलं आणि कोरडं बोट सगळ्यांना दाखवलं. जानरावांनी स्वतःचं बोट फिरवून पाहिलं, हुंगलं, आणि धोतराला पुसलं.

संध्याकाळी सुटी झाली. फाटकावर पहारेकरी बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचे हात हुंगत होता. तेल कमी होऊ लागल्यापासून तसा हुकूम होता. पुंजारामला इथंच धरलं होतं, हाताला तेलाचा वास येतो म्हणून.

सुभद्रानं हात राखेनं घासून धुतले होते. वास गेला नव्हता. पहारेकऱ्यानं ते हुंगले आणि मनगटं सोडली नाहीत.

“एरंडेल,” तो म्हणाला, आणि मागं पाहिलं.

जानराव फाटकाशीच उभे होते. रांग थांबली. सुभद्रानं हात सोडवून घेतले नाहीत.

“तुमीच सांगा त्याले, जमादार,” ती म्हणाली. “हा वास कायचा हाय ते.”

मागच्या बाया एकेक करून जानरावांच्या तोंडाकडे पाहू लागल्या.