गाडीबाहेरचं इंजिन

नवरा कॉलिन वारल्याला वर्ष झालं, तेव्हा नोलीननं त्याची शर्यतीची गाडी बाथर्स्ट गावातल्या गॅरेजात नेली. ती पुन्हा बघायला आली, तेव्हा तिथं इंजिन बाहेर काढून ठेवल्याला महिना झाला होता.

"पार झिजलंय गं हे. नवंच बसवू," मेकॅनिक डॅरिल म्हणाला.

"तुझे गुडघेही झिजलेत. तुला टाकलं का कुणी भंगारात?"

बोलता बोलता तिनं फॉइलमधला थंड, अख्खा सॉसेज रोल, म्हणजे खिमा भरलेला पाव, सवयीनं इंजिनवर ठेवला. शर्यतीचा सराव संपला की ती आणि कॉलिन तापलेल्या इंजिनवरच तो गरम करायचे.

"अगं, बंद आहे ते!" डॅरिल हसला.

ओशाळून तिनं रोल उचलला, तर बोटं भाजली.

डॅरिलनं लोखंडाला हात लावला. ते थंडगार होतं.

"हेच दुरुस्त कर," ती हळूच म्हणाली.

मग तिनं फॉइल उलगडलं. रोलचे दोन तुकडे केलेले होते. मोठा तिच्या बाजूला, कॉलिन ठेवायचा तसा.