पातळ न केलेला थेंब

नमुना पातळ करायचं द्रावण संपलं होतं, म्हणून मंदाकिनीने आज रक्ताचा थेंब तसाच वर्णपटमापकात ठेवला. उन्हावर पोट भरणारी लस शहराने घेतल्याला सहा वर्षं झाली होती. लशीतले ऊन शोषणारे पॉर्फिरिनचे रेणू रक्तात सुटे राहायला हवेत, एकमेकांना चिकटले तर रक्त गोठतं. आजवर आलेखाचं शिखर जागेवर असायचं. आज ते लाल बाजूला सरकलं होतं.

“सर, रेणूंच्या साखळ्या झाल्यात. आपण पातळ करायचो, तेव्हा त्या तुटून जायच्या.”

प्रयोगशाळेचे प्रमुख खांबेटे सर खुर्चीत बसले. “आणि वाढतात कशाने?”

“उन्हाने.”

“रक्त कुणाचं आहे?”

“माझ्या लेकीचं, सावनीचं.”

समोरच्या शाळेत जेवणाची घंटा झाली. मुलं बाह्या दुमडत उन्हात आली. सावनी नेहमीसारखी सगळ्यांच्या पुढे होती.