ओढलं की पळते

किसनरावांनी हँडल छातीशी ओढलं, तशी स्कूटर थांबायची सोडून दुप्पट जोरानं धावली आणि कापसाच्या जिनाच्या आवारातल्या पऱ्हाटीच्या कुडात घुसली.

शफीक, जिनातलं सरकी काढायचं इंजिन सांभाळणारा मिस्त्री, सावकाश चालत आला. त्यानं स्कूटर बाहेर काढली, किसनरावांच्या पागोट्यात अडकलेल्या काड्या काढल्या आणि सकाळपासून चौथ्यांदा तेच सांगितलं. उजव्या हातातली मूठ आपल्याकडे पिळली की गाडी पळणार. सोडली की दमणार. मग पायाखालचा ब्रेक दाबायचा, बस्स.

"चाचा, तुमी कासरा ओढून राहिले," तो म्हणाला. "हे ओढलं की पळते, सोडलं की थांबते."

"सोडल्यावर उभी राहते कावून? आमचं जनावर तं सोडलं की निघते."

शफीकनं पुन्हा मूठ पिळून दाखवली. किसनरावांनी समजल्यासारखी मान हलवली, पण डोक्यात काही शिरलं नव्हतं. तीस वर्षं ते जिनाच्या मालकांची, शेठजींची दमणी हाकत होते. ती हलकी बैलगाडी, पुढे बैलांची जोडी, आताची पाखऱ्या आणि बांड्या, हातात कासरा. ओढलं की थांबायचं, सोडलं की निघायचं, एवढंच त्यांच्या हातांना ठाऊक. म्हातारपणी त्या हातांना हा उलटा शहाणपणा कोण शिकवणार?

ओमप्रकाशशेठांनी ही विलायती गाडी हौसेनं आणवलेली नव्हती. कापसाचा नमुना अकोटाहून दमणीत निघाला की अकोल्याला पोचेपर्यंत दिवस कलायचा, तोवर चांगला भाव हातचा जायचा. शेठजींनी सरळच सांगून टाकलं होतं. बैल आज जाणार, ते ठरलं. उद्याच्या बाजारापर्यंत गाडी चालवता आली तर नमुने किसनरावांनीच न्यायचे, नाही आली तर दुसरा माणूस बघावा लागेल. शेठजी रागावून बोलले असते तर किसनराव भांडले तरी असते. ते समजुतीनं बोलले, त्यामुळे सगळीच पंचाईत झाली.

पलीकडे परतवाड्याचे महादेवराव बैलांचे दात बघत होते. त्यांनी जोडी दमणीसकट घेतली होती. पाखऱ्या तोंड उघडू देत नव्हता. ते पाहून किसनरावांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. गाडी शिकावी तर आपणच बैलांना घालवून दिल्यासारखं होणार. न शिकावी तर घरी बायकोला, वच्छलेला काय सांगायचं? देवाजवळ काय मागावं, हेच त्यांना कळेना.

ते पाचव्यांदा बसले. शफीक मागून धरून चार पावलं धावला आणि त्यानं हात काढून घेतले. आणि काय नवल, गाडी चालली. किसनरावांनी आवाराला एक अख्खा फेरा मारला. ओझी टाकून बघत उभे राहिलेले गडी वाहवा करू लागले. किसनराव तोंडानं पुटपुटत होते, ओढलं की पळते, सोडलं की थांबते.

तेवढ्यात घुंगरं वाजली. महादेवरावांनी जोडी जुंपली होती आणि दमणी फाटकातून बाहेर पडत होती. किसनरावांनी तिकडे मान वळवली. पुन्हा समोर पाहिलं तर कापसाची गंजी दहा हातांवर आलेली.

"होऽ! हो बाप्पा, होऽ!" ते ओरडले आणि त्यांनी दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढलं.

स्कूटर किसनरावांसकट गंजीत शिरली आणि बंद पडली. शफीकनं पाय धरून त्यांना बाहेर काढलं. लागलं कुठंच नव्हतं, नाकातोंडात तेवढा कापूस गेला होता. गडी पोट धरधरून हसले. मग एकेक जण रस्त्याकडे बघू लागला आणि हसणं आपोआप थांबलं.

फाटकाबाहेर दमणी जागच्या जागी उभी होती. त्या हाकेला स्कूटर थांबली नव्हती, बैल थांबले होते.

महादेवरावांनी कासरा ढिला सोडला, चुचकारून पाहिलं, शेपट्या पिळून पाहिल्या. बैलांनी पाय उचलला तर शपथ. शेठजी ओसरीवर येऊन उभे राहिले.

महादेवरावांनी मागे वळून हाक दिली, "किसनराव, थांबवले तुमीच. आता चाला म्हणून तुमीच सांगा यायले."

किसनरावांच्या मनात आलं, बोलूच नये. आपण गप्प राहिलो तर हा माणूस कंटाळेल, जोडी इथंच सोडून जाईल. शेठजींनाही काय ते समजेल. ते पागोट्यातला कापूस झटकत राहिले. मग त्यांना दिसलं, महादेवरावांचा हात चाबकाकडे गेला होता. तो चाबूक किसनरावांनी इतकी वर्षं दमणीत नुसता शोभेला ठेवला होता.

"चाला रे," ते म्हणाले.

आवाज काही मोठा नव्हता, पण बैलांना पुरला. घुंगरं वाजली, दमणी हलली आणि वळणापर्यंत गेली.

बैलांनी एकदाही मागे पाहिलं नाही. आजवर किसनराव कायम त्यांच्या मागेच बसलेले असत. आताही तिथंच आहेत, असं त्यांना वाटलं असेल.