माझ्या चेहऱ्यानं उघडणारा लॅपटॉप

"पातळवाला गेमिंग लॅपटॉप लवकर तापते हो ताई," दुकानदारानं बजावलं होतं. कॉलेजच्या बॅगेत मावावा म्हणून मी तरीही पातळच घेतला. तो फक्त माझ्या चेहऱ्यानं उघडायचा. बाबांनी स्वतःचं तोंड पुढे करून पाहिलं, तरी ढिम्म.

"मले काऊन ओळखत नाही हा?" बाबा रुसलेच.

आज दुपारी डोणगावच्या घरी गेम खेळताना तो चटका बसेल इतका तापला. मी तो लॉक केला आणि झाकण न मिटता कूलरपुढच्या खुर्चीवर ठेवला. स्क्रीन रिकाम्या बाजेकडे होती, मी मागे उभी होते.

टिंग असा आवाज आला. मी वाकून पाहिलं. स्क्रीनवर लिहिलं होतं, "वेलकम, मयुरी."

मी घाईनं तो लॉक करून माझ्याकडे वळवला. "चेहरा ओळखता आला नाही." पुन्हा वळवला, पुन्हा तेच. मग बाजेकडे फिरवला, तर लगेच उघडला.

"आई!" मी किंचाळले.

आई पिठाच्या हातांनी धावत आली आणि मला पाहून दारातच थबकली. मग रिकाम्या बाजेकडे वळून तिनं हळूच विचारलं, "मयुरे, ही पोरगी कोन हाये वं?"