हरकत

खळीनं डकवलेला कागद अजून ओला होता. नगरपालिकेचा शिपाई गाडीला किक मारून कधीच निघून गेला, तरी कमलबाई कडुलिंबाच्या बुंध्यापाशी तशीच उभी होती. तिला अक्षर येत नव्हतं. पण झाडाला चिकटलेला सरकारी कागद चांगली बातमी आणत नाही, एवढं कळायला शाळा लागत नाही.

"सुरज, वाच की रे जरा."

सुरज तिच्या भावाचा मुलगा. आई वारली तेव्हा सहा महिन्यांचा होता, तेव्हापासून कमलबाईनंच वाढवलेला. मोबाईलच्या कव्हरांचा गाडा कडेला लावून तो पुढं आला.

"झाड नंबर एक्केचाळीस. रहदारीला अडथळा, म्हणून तोडायचं ठरवलंय. कुणाची हरकत आसंल तर सात दिवसांत लेखी द्या म्हणं."

कमलबाईनं पदर डोळ्यांना लावला.

पालिकेत रोजंदारीवर असताना या कळंब रस्त्यावर तिनं पन्नास रोपं लावली होती. हौदावरून घागरी वाहून उन्हाळे काढले. काही शेरडांनी खाल्ली, काही गटारीच्या कामात गेली. उसाच्या ट्रॅक्टरांनी फांद्या ओरबाडल्या तरी हा लिंब टिकला. बुंध्यावर पांढरा नंबर पडला, त्या दिवशी तिनं अख्ख्या स्टँडला गूळ वाटला. नंबर पडला म्हणजे पोर शाळेत गेलं, अशी तिची समजूत. सुरजची झोळीही याच लिंबाला बांधलेली.

अडथळा कुणाला होतो, हे गावाला ठाऊक होतं. झाडामागं नंदीशशेठचं नवं कॉम्प्लेक्स उभं राहिलं होतं आणि त्याचे कोपऱ्यातले गाळे लिंबाआड झाकले जात होते. रहदारी बिचारी उगाच बदनाम.

"रडू नगंस आत्या," सुरज म्हणाला. "कागदाला कागदानंच उत्तर द्यायचं. म्या अर्ज टाईप करून आणतो. सह्या तू गोळा कर. मला गाड्यावाल्याला कोण इचारतंय? तुझ्या शब्दाला गाव न्हाय म्हणणार न्हाय."

संध्याकाळी तो कागद घेऊन आला. मजकुराचं पान घडी घालून आत, वर सह्यांची कोरी पानं आणि कडेला चार पिना. "घामानं खराब व्हायला नगं," म्हणाला. मग शाईचं पॅड पुढं केलं. "पयला अंगठा तुझा. काय हरकत न्हाय ना?"

"माझी कसली हरकत, लेकरा!" म्हणत तिनं अंगठा टेकवला. लेकरू शिकलं ते बरं झालं, असं तिला मनापासून वाटलं. गाडा ढकलून उन्हात रापलं होतं बिचारं. आपला एखादा गाळा असावा, एवढंच त्याचं मागणं.

पाच दिवस तिनं गाव पालथं घातलं. चपलेचा अंगठा तुटला, तो सुतळीनं बांधला.

"चष्मा घरी राहिला बघा," रामहरी गुरुजी म्हणाले. "पण तुमच्या हातातला कागद वाचायचा कशाला? सही कुठं करू?"

चहावाल्या महानंदानं ओले हात पदराला पुसले. "तुमी आलाव म्हणल्यावर आमची काय हरकत?"

सहाव्या दिवशी सुरज म्हणाला, "नंदीशशेठकडं बी जा." कमलबाई बिचकत गेली. शेठनं खुर्ची दिली. सगळ्यांत त्यानं एकट्यानं पिना काढल्या, घडी उलगडली, शेवटपर्यंत वाचलं. "छान लिहिलंय," म्हणाला आणि हसत सही ठोकली. वर चहाही पाजला. दगडालाही पाझर फुटतो म्हणतात, ते हेच, असं मनात म्हणत ती घरी आली.

सातव्या दिवशी दोघं पालिकेत गेली. सुरजनं कागद आत दिला आणि पोच म्हणून शिक्का मारलेली अर्जाची झेरॉक्स चार घड्या घालून तिच्या हातात ठेवली. तिनं ती पदराच्या गाठीत बांधली.

दोन दिवसांनी सकाळी भाकरी थापताना तिला करवतीच्या मशीनचा आवाज आला.

ती पोचेपर्यंत झोळीची फांदी खाली आली होती. रस्ता लिंबाच्या पाल्यानं भरला होता. "सही करून उलटला मेला!" ती कॉम्प्लेक्सकडं बघून ओरडली. "चहा पाजून माझा गळा कापला!" तिचा आवाज फाटला, डोळ्यांना धार लागली. तिला सुरज दिसला. कोपऱ्यातल्या गाळ्यापुढं, हातात किल्ली घेऊन, तो नंदीशशेठशी बोलत होता. भांडतंय माझं लेकरू, असं वाटून तिला बळ आलं.

झाडांचं काम बघणारे साहेब बाजूला उभे होते. ती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"आजी, मुदतीत एकही हरकत आली नाही," ते म्हणाले.

"मग ही काय हाय? दोनशे बारा सह्या हायेत!" तिनं गाठ सोडून पोच त्यांच्या हातात कोंबली.

साहेबांनी घड्या उलगडल्या. एकदा तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "'सदर झाड जुने व धोकादायक झाले असून ते तोडण्यास आम्हा खालील सह्या करणाऱ्यांची काहीही हरकत नाही.' आणि आजी, पहिला अंगठा तर तुमचाच आहे."