टॉवरच्या तळाचं पाणी

काकांनी टॉवरच्या तळाच्या पाण्याची बाटली नाकाशी धरली, डोळे मिटले आणि नेहमीसारखा एक लांब श्वास घेतला. मग बाटली नव्या डिझाइनर मुलीच्या नाकाखाली सरकवली आणि तिचा चेहरा निरखला.

खरं म्हणजे काकांना गेली दोन वर्षं कसलाच वास येत नव्हता. एका तापात नाक गेलं ते गेलंच. पण सबंध कारखाना त्यांना 'नाकवाले काका' म्हणायचा. नाक गेल्याचं कुणाला कळलं असतं, तर त्यांना टॉवरवरून उचलून गेटवर बसवलं असतं. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. आधी आपण हुंगायचं, मग शेजारच्याला द्यायचं. पाण्यात अमोनिया उरला असेल तर भल्याभल्यांच्या कपाळाला आठी पडते. आठी पडली की नापास.

आजचा टॉवर या मुलीचा होता. वायूतला अमोनिया शोषून घेतलेलं पाणी त्यात वरून उतरायचं, आणि खालून चढणारी वाफ तो अमोनिया काढून न्यायची. जुन्या टॉवरपेक्षा तिसरा हिस्सा कमी वाफेत तिने हे बसवलं होतं. तळाचं पाणी ओढ्यात सोडायचं होतं, आणि ओढ्याकाठी वस्ती होती. प्रयोगशाळेचा आकडा यायला तास लागायचा. तोवर काकांचा शब्द चालायचा.

मुलीने दोनदा हुंगलं. कपाळ कोऱ्या पाटीसारखं.

"पास!" काका म्हणाले.

साहेबांनी लांबूनच हात हलवला. फिटर ओढ्याच्या व्हॉल्व्हकडे निघाला.

"हुश्श!" मुलगी हसली. "काका, तुम्ही होतात म्हणून बरं. दोन दिवस घास उतरत नव्हता माझ्या घशाखाली."

"अगं, एवढं काय घाबरायचं! तूही हुंगलंस की."

"मी कसली हुंगतेय! लेकाची सर्दी मला लागलीय. चार दिवस नाक ठार बंद आहे. म्हटलं, काका एवढ्या प्रेमाने देतायत, तर नाही कशाला म्हणा."

काकांनी वर पाहिलं. फिटरचे दोन्ही हात चाकावर होते. साहेब, नवा टॉवर बघायला जमलेले तिन्ही पाळ्यांचे ऑपरेटर, सगळे कौतुकाने इकडेच बघत होते.

"थांब रे, उघडू नकोस!" काका धावत सुटले. "मला वास येत नाही! दोन वर्षं झाली, मला कसलाच वास येत नाही!"